आतली कडी

सोमवार, ३ मार्च

गोदामात होतो तेव्हा रोजची टिपणी लिहायची सवय लागली, ती वृद्धनिवासाचा व्यवस्थापक झालो तरी सुटत नाही. तिथे माल बोलत नसे. इथे बोलतो, हा मुख्य फरक. बाकी आवक, जावक, उंदीर आणि छताची गळती दोन्हीकडे सारखीच.

परवान्याचं नूतनीकरण आलं आहे. नव्या नियमाप्रमाणे दर्शनी भागात रहिवाशांच्या हक्कांची पाटी लावायची. हक्क कोणते ते वरून छापून आलेत: सन्मान, खासगीपणा, उपचार, आहार, तक्रार. फक्त पहिलं वाक्य संस्थेने आपल्या शब्दांत लिहायचं. अर्ध्या तासाचं काम, असं मी संस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, रहिवाशांनाही विचारा, त्यांना बरं वाटेल. ही सूचना त्यांनी केली नसती तर फार बरं झालं असतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, बाबांनी आजही सदरा बदलला नाही. वय झालं की असं होतं, मी इथे रोज बघतो.

बुधवार, ५ मार्च

नाश्त्याला विषय काढला. भूमितीबाई आणि सिस्टर समोरासमोर बसतात, तेव्हा बाकीच्यांना वर्तमानपत्र लागत नाही. भूमितीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पावाला लोणी लावतानासुद्धा कडा सरळ येतात. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका, दोन वेळा प्रार्थना करणारी, आवाज वॉर्डभर पोचेल असा. दोघींच्या खोल्या शेजारीशेजारी. मधली भिंत विटांची आहे म्हणून बरं.

मी कच्चं वाक्य वाचलं: "ईश्वराने प्रत्येक माणसाला दिलेले हे हक्क ही संस्था मानते."

भूमितीबाई लगेच म्हणाल्या, "दिलेले काढा. जन्मतःच असतात म्हणा. मला कुणी काही दिलेलं नाही."

"जन्मतः म्हणे," सिस्टर म्हणाल्या. "अगं, मी जन्मताना शेकडो पोरं पाहिलीत. सोबत काय आणतात सांगू? नाळ. बाकी सगळं वरून येतं. आणि उपजत म्हणशील तर दातही उपजतच असतात. तुझे किती राहिलेत?"

"चार. पण मोजायला तू आलीस म्हणून पडले नाहीत."

"म्हणूनच सांगते. जे अंगाबरोबर येतं ते अंगाबरोबर जातं. देवानं दिलेलं कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही."

"आणि देणारा आला की त्याचा कारकून आलाच मागून," भूमितीबाई म्हणाल्या. "साहेबांनी परत मागवलंय, इथे सही करा. तुझा देव चांगला असेल गं, त्याच्या ऑफिसची मला भीती वाटते."

सगळे हसले. मीही हसलो, मग लक्षात आलं की वाक्य ठरलेलंच नाही. संस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, देवाचं नाव हवंच, ही जागा त्याच्याच कृपेने आणि त्यांच्या हातून उभी राहिली आहे. भूमितीबाईंचा मुद्दा सांगितला तर म्हणाले, वाद नको, तेवढी जागा मोकळी सोडा, नंतर बघू.

शनिवार, ८ मार्च

पाटी लागली. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, रंगाऱ्याचा हात सुरेख आहे. पहिली ओळ अशी: "येथे राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस", मग वीतभर मोकळी जागा, मग "पुढील हक्क आहेत." आपल्याला तत्त्वज्ञानात गती नाही, पण अंतर सोडण्याची कल्पना व्यवहार्य वाटते.

दुपारी घरी सुतारकाम. बाबांच्या खोलीतली खुर्ची रोज रात्री सरकवल्याचा आवाज येतो आणि फरशीवर ओरखडे पडलेत. ते झोपताना ती दाराला का टेकवतात देव जाणे. विचारलं तर म्हणाले, "असू दे." खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. आता आवाज येणार नाही.

रविवार, ९ मार्च

मोकळ्या जागेत सकाळी कुणीतरी खडूने "देवाने दिलेले" लिहिलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं. जेवणानंतर "जन्मतः" होतं. तेही पुसलं. संध्याकाळी निघताना "कुणीही दिलेले असोत, चहा गरम मिळावा" असं होतं. ते अक्षर मला स्वयंपाक्याचं वाटतं, पण त्याने कानावर हात ठेवले.

बुधवार, १२ मार्च

अप्रिय प्रसंग. नोंद करणं भाग आहे.

आधी पार्श्वभूमी. मी यायच्या आधी, थंडीत, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खोलीत पडले. दाराला आतून कडी होती. दार फोडून आत जाईपर्यंत उशीर झाला. मी रुजू झालो तेव्हा संस्थापकांनी पहिलं काम हेच सांगितलं: सगळ्या आतल्या कड्या काढा, खोल्यांच्याही, न्हाणीघरांच्याही. सुताराने त्या एका दिवसात उतरवल्या. पोतंभर कड्या माझ्या टेबलाखाली आहेत, पाय ठेवायला बऱ्या पडतात. मला तो निर्णय इतका पटला की त्याच आठवड्यात घरीही राबवला, कारण बाबा एकदा मोरीत घसरले होते. मोरी त्यांच्या खोलीतच आहे, म्हणून खोलीच्या दाराची कडी मी स्वतः काढली.

आज संस्थापक एका देणगीदार जोडप्याला इमारत दाखवत होते. मी मागून फाइल घेऊन. त्यांनी भूमितीबाईंच्या खोलीचं दार ढकललं आणि नेमक्या तेव्हा बाई न्हाणीघराच्या उघड्या दारात टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. केस ओले, पाय ओले. देणगीदारांच्या बाईसाहेबांनी "अगबाई" म्हणून तोंड फिरवलं. संस्थापक म्हणाले, "घाबरू नका हो, सगळी आपलीच माणसं आहेत." ते मनापासूनच म्हणाले. कुत्सित माणूस नाही तो.

 टॉवेल दोन्ही हातांनी धरल्यामुळे भूमितीबाईंना दार लोटता येत नव्हतं. मी नळाकडे पाहिलं. तो गळत होता. प्लंबरला कळवलं आहे.

गुरुवार, १३ मार्च

भूमितीबाईंनी मदतनीस बाईंना सांगितलं, कडी लागेपर्यंत अंगाला पाणी लावणार नाही. कपडेही बदलणार नाही. जेवणार, वाचणार, वाद घालणार.

मी समजवायला गेलो. त्या वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या.

"बाई, कडी तुमच्याच सुरक्षेसाठी काढली."

"माझ्या सुरक्षेसाठी काढलेल्या गोष्टी आता फार झाल्या. घर काढलं, गॅस काढला, कात्री काढली. तुमच्या त्या पाटीवर दुसऱ्या क्रमांकाला काय आहे?"

खासगीपणा होतं. पण पाटी ही सर्वसाधारण असते आणि कडी हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. असं म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "वा," आणि पुस्तक उघडलं.

शनिवार, १५ मार्च

संस्थापकांना हट्ट आवडत नाही. करारातलं कलम त्यांनीच दाखवलं: जो रहिवासी स्वच्छता पाळणार नाही त्याला पालकाच्या ताब्यात परत द्यावं. वीस तारखेला तपासणी आहे. "तोवर अंघोळ झाली नाही तर गाडी बोलवा," म्हणाले. "एका माणसासाठी परवाना पणाला लावता येणार नाही. हे सगळं मी उभं केलं ते लोकांनी सुखात राहावं म्हणून. देव देतो ते माझ्या हातून देतो, एवढंच."

बाईंचा पालक म्हणजे भाचा. त्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडे जागा कुठे आहे, मावशी तिकडेच बऱ्या, आणि पुढे फोन उचलला नाही. बाईंचं घर विकूनच इथली अनामत भरली होती. म्हणजे गाडी बोलावली तरी ती कुठे न्यायची, हे चालकाला काय सांगणार? हा प्रश्न मी संस्थापकांपुढे मांडला नाही. ते नाराज होतात तेव्हा फार मृदू बोलतात आणि मला ते सहन होत नाही.

जेवणघरात बाईंच्या टेबलावरची दोन माणसं दुसरीकडे बसायला लागली आहेत. सिस्टर तिथेच बसतात. रुमाल नाकाला लावून बसतात, पण बसतात.

रविवार, १६ मार्च

आज सुट्टी घेतली होती, तरी बोलावणं आलं. सिस्टर भूमितीबाईंच्या खोलीपुढे खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या आणि सगळा मजला ऐकत होता.

"मी बसलेय ना इथे! देवाशप्पथ कुणाला आत सोडणार नाही. जा, दोन तांबे घेऊन ये अंगावर. खाज सुटलीय तुला, भिंतीतून ऐकू येतं खाजवलेलं."

आतून बाई म्हणाल्या, "तुझ्या पाठीवर माझा विश्वास आहे. पण तुला जेवायला जायचं असेल, झोपायचं असेल, मरायचं असेल. मग?"

"मी मरणार आणि तुला अंघोळीची पडलीय!"

"तुझी मेहेरबानी झाली म्हणून मी अंघोळ करायची, तर त्या संस्थापकांची झाली म्हणून करण्यात आणि यात फरक काय?"

 सिस्टर खुर्ची उचलून आपल्या खोलीत गेल्या.  त्यांचे डोळे लाल होते. जागरणाने असावेत.

घरी आलो तर बाबा बाहेरच्या खोलीत बसलेले. पूर्वी रविवारी त्यांची दीड तास दाढी-अंघोळ चाले, छापखान्यातून निवृत्त झाल्यापासूनचा तो त्यांचा सोहळाच. आता पाच मिनिटांत बाहेर येतात, केस कोरडे. मी कौतुकाने म्हटलं, पाणी वाचवायला लागलात. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्या खोलीत जाताना दार तरी वाजवता का?" स्वतःच्या घरात दार काय वाजवायचं. तिला तसं म्हणालो. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

मंगळवार, १८ मार्च

सिस्टरनीही अंघोळ बंद केली. आता माझ्या नाकालाही रुमाल.

संस्थापक स्वतः आले. सिस्टरवर त्यांचा लोभ आहे, दोघे एकाच वेळी प्रार्थनेला बसत. त्यांना वाटलं, निदान या बाई तरी समजून घेतील. ऑफिसात मी होतोच.

"सिस्टर, तुम्ही तरी? तुम्ही तर मानता की सगळं त्यानं दिलं आहे."

"मानते की."

"मग भूमितीबाईंच्या बाजूला कशा?"

"तिच्या बाजूला कोण आहे? ती म्हणते तिनं येताना सोबत आणलंय. खोटं आहे ते, आणि मरेपर्यंत मी तिला ते सांगणार," सिस्टर म्हणाल्या. "पण ज्यानं दिलंय त्याला मी सकाळ-संध्याकाळ भेटते. त्यानं तुम्हाला परत मागायला पाठवलं असतं ना, तर मला तसं बोलला असता."

 मग संस्थापकांनी तेच सांगितलं, थंडीतल्या त्या गृहस्थांचं. दार फोडताना आतून कण्हण्याचा आवाज येत होता, हे मला आजवर माहीत नव्हतं. खांदा लावणाऱ्यांत ते स्वतः होते.  "तुम्ही सांगाल ते करतो," म्हणाले, "कडी सोडून."

सिस्टरनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण अंघोळ केली नाही.

मला दोघांचंही पटलं, हा माझा जुना दोष. गाडीवाल्याला परवा दुपारची वेळ देऊन ठेवली. कुठे जायचं ते मागाहून सांगतो म्हणालो.

गुरुवार, २० मार्च

तपासणी झाली. क्रमाने लिहितो.

तपासणीसबाई वेळेच्या आधी आल्या, हीच पहिली पंचाईत. किरकोळ अंगाच्या, बोलायला कमी. स्वयंपाकघर, औषधांचं कपाट, जिना, सगळं पाहिलं. पाटीपुढे थांबल्या. त्या वेळी मोकळ्या जागेत काहीच नव्हतं, मी पहाटेच पुसलं होतं.

"इथे काहीतरी राहिलंय का?"

संस्थापक माझ्याकडे बघू लागले. बाकावर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, "राहिलं नाही. वाद चालू आहे."

पाहुण्यांसाठी खालचं स्वच्छतागृह मी मुद्दाम घासूनपुसून, नवा साबण ठेवून तयार केलं होतं. तिथली कडी काढलेली नाही, कारण तिथे रहिवासी जात नाहीत. पण तपासणीसबाईंना गरज भासली ती वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाशी. त्या आत गेल्या. लगेच बाहेर आल्या. दाराची आतली बाजू बघितली, जिथे कडीची चार भोकं आहेत, आणि इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात संस्थापक, चहा घेऊन आलेला स्वयंपाकी आणि मी असे तिघे पुरुष होतो आणि खुर्चीवर भूमितीबाई, आठवड्याभराच्या त्याच कपड्यांत.

तपासणीसबाई त्यांच्याजवळ गेल्या. वास त्यांना आला असणारच. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, जरा दाराशी उभ्या राहता का? कडी नाहीये."

"राहते की," भूमितीबाई म्हणाल्या.

उठल्या, गुडघ्यांना हात लावत गेल्या आणि दाराशी पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सरळ उभ्या. आम्ही तिघांनी खाली बघितलं. इतका लांब वेळ मी गोदामात आग लागली तेव्हाही काढला नसेल.

तपासणीसबाई बाहेर आल्या, हात पुसले, "थँक यू" म्हणाल्या. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. संस्थापकांना एवढंच विचारलं, "तुमच्या घरी आहे का हो, आतून कडी?"

"आहे," ते म्हणाले.

मला विचारलं नाही.

त्या गेल्यावर संस्थापक माझ्या टेबलासमोर बसून राहिले. पोतं त्यांच्या पायाला लागलं. वाकून त्यांनी एक कडी काढली, उलटसुलट केली. "लावा," म्हणाले. "पण दार फोडायची वेळ पुन्हा माझ्यावर येऊ देऊ नका."

दुपारी गाडीवाला आला. त्याला चहा देऊन परत पाठवला.

शुक्रवार, २१ मार्च

या विषयात मात्र माझा हात कुणी धरू शकत नाही. गोदामाच्या शीतगृहाला आम्ही एक कडी वापरत असू: आतून लागते, पण वेळ पडल्यास बाहेरून चौकोनी किल्लीने फिरवता येते. कुणी आत अडकून गारठू नये म्हणून. अशा कड्या कालच मागवल्या. हे मला आधी का सुचलं नाही, असं संस्थापकांनी विचारलं. आधी कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेत थोड्याच आल्या. संस्थापकांनी जेवणघरात सांगितलं, "संस्थेतर्फे प्रत्येक खोलीला कडी देण्यात येत आहे."

"परत देण्यात," भूमितीबाई म्हणाल्या.

"त्याच्या इच्छेनं," सिस्टर म्हणाल्या.

संस्थापकांनी दोघींनाही मान डोलावली. माणूस शिकतो आहे.

मग किल्ल्यांचा प्रश्न. मी ऑफिसात फळी लावून ठेवली होती, खोलीवार खिळे मारून. भूमितीबाई म्हणाल्या, "माझी किल्ली कुणाकडे राहील ते मी सांगणार. माझी सिस्टरकडे द्या."

"माझ्याकडे?" सिस्टर म्हणाल्या. "तुझं माझं पटतं कुठे?"

"नाहीच पटत. पण उगीच दार उघडलंस तर तुला वर उत्तर द्यावं लागेल. तेवढी भीती ऑफिसात कुणाला नाही."

सिस्टरनी किल्ली घेतली आणि गळ्यातल्या साखळीत ओवली. मग स्वतःची काढून बाईंपुढे ठेवली. "घे. तुला कुणाला उत्तर द्यायचं नाही, तरी घे." ते पाहून आणखी काहींनी आपापली किल्ली शेजाऱ्याकडे दिली. माझी फळी निम्मी रिकामी राहिली, खिळे वाया गेले.

दुपारी भूमितीबाईंच्या खोलीतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग नळाचा. फार वेळ. सिस्टर व्हरांड्यातून ओरडल्या, "पुरे गं, पाणी देवानं सगळ्यांना दिलंय!"

"टाकीनं दिलंय," आतून आलं.

पाटीवरची मोकळी जागा भरून घ्यायला रंगाऱ्याला उद्या बोलावणार होतो. दोघींनी नको म्हणून सांगितलं. या एका बाबतीत एकमत झालं म्हणून लिहून ठेवतो.

रविवार, २३ मार्च

काल उरलेल्या कड्या आल्या, त्यांत एक जास्त होती. पैसे भरून घरी आणली.

बाबांच्या दाराला जुनी चार भोकं होतीच, पण ती जुळली नाहीत, नवी पाडावी लागली. बाबा पलंगावर बसून बघत होते. मग उठून जवळ आले आणि एकेक स्क्रू हातात देऊ लागले. त्यांची बोटं अजून छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची आहेत, एकही खाली पडला नाही.  खुर्ची मी उचलून टेबलाशी ठेवली.

काम झाल्यावर त्यांनी कडी लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावली.

"बाहेरून उघडते?"

"हो. वेळ पडली तर. ही किल्ली."

"कुणाकडे असणार?"

माझ्या जुडग्यात अडकवायची असं मी ठरवलंच होतं, जुडग्याची कडीही उघडून धरली होती. पण तोंडून भलतंच निघालं. "तुम्ही सांगाल त्याच्याकडे."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. "सूनबाईकडे दे," म्हणाले.

दिली. बायकोने पदराला हात पुसून घेतली आणि काही बोलली नाही, ते तिचे उपकार. मला वाईट वाटलं. पण विचारलं मीच होतं.

नंतर चहा झाला म्हणून त्यांना बोलवायला गेलो. दार बंद. आत पाणी वाजत होतं आणि ते काहीतरी गुणगुणत होते. बाबा गुणगुणतात, हे मी विसरूनच गेलो होतो. हात सवयीने दारावर गेला, ढकलायला. मग मूठ करून वाजवलं.

"थांब," आतून आवाज आला.

थांबलो. चहा गार झाला. बायकोने परत गरम केला.